चौदा विद्या, चौसष्ट कला आणि तीन शाखा

विज्ञान घ्यायचे, वाणिज्य की कला? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एकदा उत्तर दिले की बाकीची दारे बंद, असे आपण मानत आलो. आता विद्यापीठेच या भिंतींना खिडक्या पाडू लागली आहेत. मात्र खिडकी कोणती आणि नुसते भिंतीवर रंगवलेले चित्र कोणते, हे पालकांना ओळखता आले पाहिजे.

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवशी घरात बैठक बसते. मुलीला गणितात उत्तम गुण मिळालेले असतात. ती सात-आठ वर्षे तबला शिकत असते आणि वहीच्या मागच्या पानांवर निरनिराळ्या वळणांची अक्षरे रेखाटण्याचा तिला नाद असतो. आजोबा म्हणतात, "सायन्सच घे, बाळ. नंतर काहीही करता येतं." आई हळूच विचारते, "आणि तबला?" बाबा म्हणतात, "तो छंद म्हणून राहीलच की!" मुलगी काहीच बोलत नाही. महिनाभरात तिचा प्रवेश होतो, क्लास सुरू होतात आणि तबल्यावर खोळ चढते. ती पुन्हा निघेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसते.

हे दृश्य एका घरातले नाही. नागपूर, इंदूर, बडोदे, बेळगाव, कुठल्याही गावी ते पाहायला मिळते. त्यात कुणाचा दोषही नाही. आईवडिलांना मुलांच्या पोटापाण्याची काळजी असते आणि महाविद्यालयाच्या अर्जावर चौकटी तीनच असतात. पण गणित, ताल आणि अक्षर या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे ज्या घरात गृहीत धरले जाते, तेथे एक मोठी संधी नकळत हातची जाते.

शाई कशासाठी?

तबल्याचेच उदाहरण घ्या. साध्या ढोलावर थाप मारली की आवाज होतो, पण त्यातून नेमका स्वर उमटत नाही. ताणलेल्या गोल पडद्यातून एकाच वेळी अनेक कंपने निघतात. मूळ कंपनाच्या मानाने पुढची कंपने सुमारे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी असतात. तारेच्या वाद्यात मात्र ती दुप्पट, तिप्पट, चौपट अशी शिस्तीत येतात आणि म्हणून सतारीचा किंवा तंबोऱ्याचा स्वर कानाला गोड लागतो. मग तबला आणि मृदंग ही चामड्याची वाद्ये असूनही स्वरात कशी मिळवता येतात?

या प्रश्नाने चंद्रशेखर वेंकट रामन यांना पछाडले होते. कोलकात्याला प्राध्यापक असताना, १९२० मध्ये, त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह या विषयावर 'नेचर' या नियतकालिकात टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. उत्तर होते पुडीवर मधोमध थर देऊन घोटलेल्या काळ्या शाईत. त्या जड थरामुळे पडद्याची कंपने बदलतात आणि पहिली पाच पूर्णांकांच्या पटीत येऊन बसतात. पडद्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी या कंपनांच्या आकृत्याही दाखवल्या.

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जे नव्हते, ते आपल्या वाद्य करणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने साधले होते. रामन यांनी ते पाहिले, कारण ते प्रयोगशाळेइतकेच संगीतातही रमत. भौतिकशास्त्र आणि संगीत यांची सांगड म्हणजे फावल्या वेळातला छंद नव्हता. तेथून खरेखुरे ज्ञान निर्माण झाले.

'आंतरविद्याशाखीय' हा लांबलचक शब्द अलीकडे प्रत्येक माहितीपत्रकात दिसतो. त्याचा अर्थ एवढाच, की एका प्रश्नाचे उत्तर शोधायला दोन-तीन विद्याशाखांनी एकत्र बसायचे. चार विषयांचे चार तास वेगवेगळे भरवले म्हणजे हे काम झाले असे नव्हे. प्रश्न एकच हवा आणि तो कुठल्याही एका शाखेला एकटीला न सुटणारा हवा.

भिंती कधी उभ्या राहिल्या?

आपल्याकडे चौदा विद्या आणि चौसष्ट कला एका दमात मोजण्याची रीत होती. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. पुढे ज्ञान वाढत गेले, विषयांचे विभाग झाले, विभागांच्या इमारती झाल्या. हे व्हायलाच हवे होते, कारण एका माणसाला सगळे येणे अशक्य झाले होते. पण हळूहळू एका इमारतीतल्या माणसाला दुसऱ्या इमारतीतली भाषा कळेनाशी झाली.

हे दुखणे केवळ आपले नव्हते. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार असलेल्या सी. पी. स्नो यांनी १९५९ मध्ये केंब्रिजला व्याख्यान देऊन साहित्यिक आणि वैज्ञानिक अशा दोन संस्कृतींमध्ये पडलेल्या दरीकडे लक्ष वेधले. भारतात त्याही आधी, १९४८-४९ मध्ये, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने प्रत्येक पदवीधराला सामान्य शिक्षण मिळावे, असे सुचवले होते. तंत्रज्ञान शिकवणाऱ्या आयआयटींनी मानव्यविद्यांचे विषय अभ्यासक्रमात ठेवले ते याच जाणिवेतून. भावी अभियंत्याला यंत्राबरोबर माणूसही कळला पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता.

काही माणसांनी तर शाखांच्या भिंती मानल्याच नाहीत. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे गणिती. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणजे त्याचे वजन घटते. या साध्या निरीक्षणाला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली आणि प्राचीन आहत नाण्यांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. इतिहासकाराच्या पेटीत त्यांनी तराजू आणून ठेवला.

पण कोसंबींसारखी माणसे विरळा. सर्वसाधारण बुद्धीच्या, कष्टाळू विद्यार्थ्यालाही ही वाट चालता यावी, यासाठी संस्था लागतात.

इनामगावच्या मातीतले दाणे

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. पण खड्ड्यात केवळ इतिहासाची माणसे उतरली असती, तर हाती लागली असती ती रंगवलेली खापरे आणि घरांचे पाये.

डेक्कन कॉलेजचे वैशिष्ट्य असे, की तेथे पुरातत्त्वाच्या जोडीला भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि मानवशास्त्र यांचे जाणकार एकाच छपराखाली काम करत आले. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले आणि जव हे तेथले महत्त्वाचे पीक असल्याचे सांगितले. हाडांच्या तुकड्यांवरून प्राणिशास्त्रज्ञाने गुरे कोणती आणि शिकार कोणती, हे वेगळे केले. पुरलेल्या माणसांच्या दातांवरून मानवशास्त्रज्ञांनी त्यांच्या आहाराचा आणि आजारांचा अंदाज घेतला. नदीकाठच्या गाळाचे थर भूगर्भशास्त्रज्ञाने वाचले.

या सगळ्यांचे म्हणणे एकत्र ठेवल्यावर एक कहाणी उभी राहिली. सुमारे इ. स. पूर्व १६०० पासून ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांचे गाव नांदते होते. पाण्याचा कालवा होता, चौकोनी प्रशस्त घरे होती. इ. स. पूर्व १००० नंतर चित्र बदलले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, जनावरांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. हवामान कोरडे होत गेल्याने भरभराटीच्या गावाला उतरती कळा लागली, असा निष्कर्ष ढवळीकरांनी मांडला.

तीन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यावर दुष्काळाने काय वेळ आणली, हे सांगणारी ही कहाणी एकट्या इतिहासाला किंवा एकट्या विज्ञानाला सांगता आली नसती. आजही डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम. ए. ला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. बी. एस्सी. झालेल्या मुलाने पुरातत्त्व घेतले, तर त्याचे विज्ञान वाया जात नाही. तेच त्याचे खास हत्यार ठरते.

अक्षराचा अभियंता

आता त्या मुलीच्या वहीतल्या अक्षरांकडे वळू.

१९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकन रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या घराघरांतल्या लोट्याचे मन भरून कौतुक केले. पाणी किती मावते, हात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, डोक्यावर नेताना तोल कसा राहतो, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात आहेत, असे त्यांना दिसले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय रचना संस्था सुरू झाली. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचना केंद्र स्थापन झाले. त्याच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. अभियंते, वास्तुशास्त्रज्ञ आणि चित्रकार तेथे एकाच वर्गात बसू लागले.

याच केंद्रात र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार शिकवत. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नाव कमावल्यावर ते अध्यापनाकडे वळले. संगणक आले तेव्हा देवनागरीपुढे मोठाच पेच उभा राहिला. आपण 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण उच्चारात ती 'क' नंतर येते. 'क' आणि 'ष' जोडले की 'क्ष' हे तिसरेच रूप तयार होते. मात्रा वर, उकार खाली, रफार डोक्यावर. यंत्राला हे शिकवायचे, तर लिपीचे व्याकरण, बोरूचे वळण आणि संगणकाची रीत या तिन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. जोशी यांनी हे काम अंगावर घेतले. संगणकावर लक्षावधी लोकांनी वापरलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा.

त्याच केंद्राचे आणखी एक नाव सर्वांच्या खिशात आहे. रुपयाच्या चिन्हासाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये स्पर्धा घेतली. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने जे चिन्ह स्वीकारले, ते उदयकुमार धर्मलिंगम यांचे. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ त्यात साधला आहे. मूळचे तमिळनाडूचे उदयकुमार आधी वास्तुशास्त्र शिकले, मग मुंबईच्या या केंद्रात दृक्‌संवादाकडे वळले आणि तेथेच तमिळ अक्षरांवर त्यांनी पीएच. डी. केली. पुढे ते गुवाहाटीच्या आयआयटीत रचना विषयाचे अध्यापक झाले. वास्तुशास्त्र, भाषा आणि चित्र यांतले एक जरी सुटले असते, तरी हे चिन्ह असे घडले असते का?

भाषेचेही तसेच. मुंबईच्या आयआयटीत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदी आणि मराठी शब्दांचे नाते टिपणारे शब्दजाल संगणकावर उभे राहिले. त्या कामात संगणकतज्ज्ञाच्या शेजारी भाषेच्या अभ्यासकाची खुर्ची होती. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत तर संगणकशास्त्राबरोबर भाषाविज्ञानाची जोडपदवी घेण्याची सोय आहे. यंत्रे माणसाच्या भाषेत बोलू लागली असताना मराठीचे व्याकरण जाणणाऱ्या मुलाला 'आर्ट्सवाला' म्हणून हिणवणे आता शहाणपणाचे नाही.

चर्चासत्रात काय घडते?

या शिक्षणाचा दुसरा आधार म्हणजे चर्चासत्र. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बुधवारच्या व्याख्यानाची परंपरा अनेक दशके चालत आली आहे. सर्व विभागांची माणसे तेथे एकत्र बसतात. बंगळूरला १९८८ मध्ये जे. आर. डी. टाटांच्या कल्पनेतून राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था उभी राहिली. शास्त्रज्ञ, प्रशासक, कलावंत, उद्योजक यांनी एकमेकांशी बोलावे, हाच तिचा उद्देश. तिचे पहिले संचालक राजा रामण्णा अणुशास्त्रज्ञ होते आणि उत्तम पियानोवादकही.

अशा ठिकाणी बोलणाऱ्याची परीक्षा असते. स्वतःच्या विषयातले अवघड शब्द वापरून वेळ मारून नेता येत नाही. समोरचा इतिहासाचा विद्यार्थी साधा प्रश्न विचारतो आणि गणितातल्या पंडिताला मुळापासून विचार करावा लागतो. आपल्याला काय येत नाही, हे चारचौघांत कबूल करण्याची सवयही येथेच लागते. पुढे नोकरीत निरनिराळ्या खात्यांच्या लोकांबरोबर काम करताना हीच सवय उपयोगी पडते.

आता नियम काय सांगतात?

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात कडक विभागणी नसावी, असे स्पष्ट म्हटले. पदवी चार वर्षांची करता येते. एका वर्षानंतर थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चौथ्या वर्षानंतर ऑनर्स अशी पायऱ्यांची रचना आहे. मिळवलेली श्रेयांके साठवण्यासाठी २०२१ मध्ये श्रेयांक पेढीची सोय झाली. बचत खात्यासारखी ही व्यवस्था आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यासही मुभा दिली.

महाराष्ट्रात हा बदल स्वायत्त महाविद्यालयांपासून सुरू झाला आणि २०२४-२५ पासून इतर महाविद्यालयांतही आला. विद्यार्थ्याला एक मुख्य विषय, एक गौण विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतले काही खुले विषय घ्यावे लागतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये चार वर्षांचा विज्ञान पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हाच त्यात अभियांत्रिकी आणि मानव्यविद्यांना जागा दिली होती. मुंबई आयआयटीच्या रचना पदवीची प्रवेश परीक्षा तर विज्ञान, वाणिज्य किंवा कला, बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते.

एक ना धड, भाराभर चिंध्या?

हे सारे ऐकल्यावर आजोबा जी म्हण उच्चारतात, ती ही. त्यांची शंका अगदीच खोटी नाही.

कागदावर खुला विषय असतो, पण शिकवायला माणूस नसतो. वेळापत्रकात तबला आणि भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक एकाच तासाला येते. मुलेही कित्येकदा आवडीचा विषय सोडून सोपा विषय निवडतात आणि गुण पदरात पाडून घेतात. अनेक नोकऱ्यांच्या जाहिरातींत अजूनही ठरावीक पदवीच मागितली जाते. शिवाय ज्या खासगी विद्यापीठांत अशी मोकळीक भरपूर आहे, तेथले शुल्क मध्यमवर्गीय घराला झेपेलच असे नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहिल्याच पाहिजेत.

मुलाचा एक विषय पक्का हवा. रामन आधी भौतिकशास्त्रज्ञ होते, मग तबल्याकडे वळले. कोसंबी आधी गणिती होते. एका विषयात पाय रोवलेले असले, तरच दुसऱ्याकडे हात पसरता येतो.

गणित घाईने सोडू नये. दहावीनंतर गणित सुटले की अनेक वाटा खरोखरच बंद होतात. कला शाखेतही काही ठिकाणी गणित घेता येते, त्याची चौकशी करावी.

महाविद्यालयात जाऊन नेमके प्रश्न विचारावेत. खुले विषय कोण शिकवते? गेल्या वर्षी त्यातले किती विषय प्रत्यक्षात चालले? दोन विभागांचे शिक्षक मिळून एखादा प्रकल्प करून घेतात का? उत्तरे कार्यालयापेक्षा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अधिक खरी मिळतात.

मुलाने केलेले काम जपून ठेवावे. चित्रे, मोडतोड करून बनवलेली यंत्रे, लिहिलेले लेख, वादनाची ध्वनिमुद्रणे, सगळे. रचना, संवर्धन, संग्रहालये, भाषा तंत्रज्ञान अशा क्षेत्रांत गुणपत्रिकेइतकेच हे काम बोलते.

आणि मुलाला स्वतःचा प्रश्न शोधू द्यावा. 'तुला काय व्हायचंय?' यापेक्षा 'तुला कशाचं कुतूहल आहे?' हे विचारले, तर उत्तर अधिक मोकळे मिळते.

पुन्हा त्या घराकडे जाऊ. मुलीने विज्ञान घेतले, हे कदाचित योग्यच झाले असेल. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते तबल्यावर खोळ चढते तेव्हा. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती खोळ काढू दिली, वहीच्या मागच्या पानांवरून कुणी रागावले नाही, तर दोन वर्षांनी बारावीनंतरचा अर्ज भरताना तिच्यासमोर पर्यायही अधिक असतील आणि निवडण्याचे बळही. आजोबांनी एवढेच करावे. एखाद्या संध्याकाळी तिला शेजारी बसवून विचारावे, "बाळ, या तबल्याला मधे ही शाई का लावतात गं?"